सोसायटीतली पहिली गाडी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "बाई, तुम्ही सोसायटीतल्या पहिल्या गाडीवर बोला." मी म्हटलं, अहो, इमारतीला 25 वर्षं झाली, पाण्याच्या टाकीवर बोलते, बोअरवर बोलते, गाडीवर काय बोलायचं? तर म्हणाले, "नव्या मुलांना ती गाडी माहीतच नाही. आणि जुन्यांपैकी तुमच्या गाडीत न बसलेलं एकही घर नाही." हे मात्र खरं आहे. म्हणून उभी राहिले. मी आयुष्यभर आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं, त्यामुळे बोलता बोलता मधेच तास सुरू झाला तर सांभाळून घ्या.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सगळे तिला फियाटच म्हणायचे. 1986 सालचं मॉडेल, पांढरा रंग, नंबरही आजच्यासारखा एमएच 22 नव्हे, जुन्या मालिकेतला. 1996 साली मानवतच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून आम्ही ती घेतली. तेव्हा आम्ही गावात भाड्याच्या घरात राहत होतो. घरात फ्रीज नव्हता आणि दारात गाडी! नातेवाईकांनी नावं ठेवली. त्यात शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढलेलं. सासूबाई म्हणाल्या, "कर्ज काढून कुणी गाडी घेतं का?" तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना लालबहादूर शास्त्रींची गोष्ट सांगितली. शास्त्रीजी पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहानं त्यांनी फियाटच घेतली. किंमत 12 हजार, जवळ होते 7 हजार, मग 5 हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढलं. ते फिटायच्या आत शास्त्रीजी गेले आणि राहिलेलं कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आजही दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे शेवटी बायकोलाच फेडावं लागलं." त्यावर आमचे हे गप्प. आणि झालंही तसंच, हप्ता माझ्याच पगारातून कटायचा!

आपल्याकडे म्हणतात ना, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. आमची गाडी मात्र इटलीची निघाली. तुरीनच्या फियाट कंपनीत दान्ते जाकोसा नावाचे मोठे अभियंते होते, त्यांच्या हाताखाली 1953 साली '1100' नावाची ही गाडी तयार झाली. पुढे तिची सुधारलेली आवृत्ती आपल्याकडे मुंबईत, कुर्ल्याला बनायला लागली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 साली काढली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही इथे बनल्या पाहिजेत असं म्हणणारा आणि करून दाखवणारा माणूस. 1974 पासून त्या गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. इटलीत ही गाडी 1969 लाच बंद झाली, पण कुर्ल्यातून 2001 च्या सुमारापर्यंत निघत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 ला, 20 वर्षांची मुदत संपल्यावर रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी टीव्हीवर ती बातमी मी दोनदा पाहिली.

आता तिच्या रचनेबद्दल. मुलांनो, आज गाडीत बसलं की पुढे दोन स्वतंत्र खुर्च्या असतात आणि मधे गिअरचा दांडा. आमच्या पद्मिनीत पुढची सीट म्हणजे एक सलग बाक होता. गिअरचा दांडा कुठे? तर स्टिअरिंगच्या खालीच, बाजूला. दांडा हलवला की ती हालचाल स्टिअरिंगच्या खांबाला लागून खाली जायची, तिथून छोट्या-छोट्या जोडदांड्यांनी गिअरबॉक्सपर्यंत. विज्ञानात तरफ शिकवतात ना, तशा तरफांची साखळीच ती. याचा फायदा काय? मधली जागा मोकळी. पुढे ड्रायव्हर धरून तीन माणसं, मागे तीन, आणि लेकरं असली तर मोजायचीच नाहीत.

दुसरी गोष्ट, पुढच्या दाराची त्रिकोणी काच. आतल्या खटक्यानं ती फिरायची. थोडीशीच तिरकी उघडली की गाडी पळताना तिच्या मागच्या कडेजवळ हवेचा दाब कमी व्हायचा आणि आतली गरम हवा बाहेर ओढली जायची. पुरती उलटी फिरवली की वाऱ्याचा झोत सरळ तोंडावर. ना एसी, ना पंखा, ना पेट्रोलचा जास्तीचा खर्च. मे महिन्यात परभणीचा पारा 44 च्या वर जातो तेव्हा तो झोत गारच असायचा असं मी म्हणणार नाही, पण जीव तगायचा. आज कुठल्याच गाडीला ती काच दिसत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तिचा सांगाडा. ट्रकला खाली लोखंडी चौकट असते आणि वर टप बसवतात. पद्मिनीत तसं नव्हतं. तळ, खांब, छत मिळून एकच पेटी, तीच भार पेलायची. त्यामुळे वजन आटोक्यात राहायचं आणि 1089 सीसीचं, जेमतेम 40 हॉर्सपॉवरचं इंजिन सहा माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं घेऊन जायचं. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. माणसं मागे बसली की त्याच चाकांवर वजन यायचं आणि चाकं जमीन धरायची. आपली काळी माती पावसात कशी होते ते सांगायला नको. भरलेली पद्मिनी तिच्यातून निघायची, रिकामी मात्र जागच्या जागी चाकं फिरवत बसायची. आमचे हे म्हणायचे, "एकट्यानं जायची गाडीच नाही ही."

पण तिचं खरं शहाणपण मला शिकवलं ते आमच्या मिस्त्री चाचांनी. ते आज नाहीत. बॉनेट उघडून ते मला उभं करायचे आणि म्हणायचे, "बाई, ये गाडी कुछ छुपाती नहीं." खरंच, बॉनेट उघडलं की सगळं समोर. हा कार्ब्युरेटर, हा पेट्रोलचा पंप, हा डिस्ट्रिब्युटर, हे चार प्लग. प्रत्येकाभोवती हात जाईल एवढी जागा. दोन-तीन पाने, एक पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यात निम्मे आजार बरे व्हायचे. गाडी धक्के द्यायला लागली की डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासायचे. झटके देऊन बंद पडली की कार्ब्युरेटरचा जेट काढून फुंकायचा. गिअर अडकला तर बॉनेट उघडून खालचा जोड हातानं सरळ करायचा. माझ्या साडीला ग्रीसचे डाग पडायचे ते याच कामात. शाळेत मुलं हळूच हसायची. मग एकदा मी वर्गच बाहेर काढला आणि मैदानात उभ्या गाडीचं बॉनेट उघडून ज्वलन, तरफ, घर्षण, बाष्पीभवन असे चार धडे एका तासात संपवले. त्या दिवसापासून हसणं बंद.

आता मी गाडी चालवायला कशी शिकले ते सांगते. गाडी घेतली ह्यांच्यासाठी. सिंचन खात्यात नोकरी, फिरती खूप. पण दोन वर्षांतच ह्यांना रात्री दिसेनासं झालं. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. तपासणीत कळलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणार, उपाय नाही. घरी आल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "मला दिसतंय तोवर शिकून घे. नंतर मला शिकवता येणार नाही."

मी तेव्हा 40 वर्षांची. परभणीत बायका स्कूटी चालवायच्या, कार चालवणारी मला तरी दुसरी माहीत नव्हती. रोज पहाटे पाचला कृषी विद्यापीठाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यांवर आमची शिकवणी. त्या बाकासारख्या सीटचा इथेही उपयोग झाला. हे अगदी शेजारी सरकून बसायचे आणि माझ्या हातावर हात ठेवून गिअर कसा पडतो ते दाखवायचे. फिरायला येणारे प्राध्यापक लोक थांबून बघायचे. महिनाभरात मी एकटी बसमत रोडला जाऊन आले.

2000 सालच्या दसऱ्याला आपण इथे राहायला आलो. 16 घरं, तीन-चार स्कूटर, पुष्कळ सायकली आणि एकच कार. कंपाउंडची भिंत अर्धी, नळाला पाणी आठवड्यातून एकदा, रस्ता तर नव्हताच. त्या दिवसांत पद्मिनी नावाला आमची होती. तिच्यातून गॅसच्या टाक्या आल्या, लग्नाचा बस्ता आला, दहावीची पोरं परीक्षेच्या केंद्रावर गेली. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरसाला आणि कार्तिकात गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला, गोदावरीच्या घाटावर, तिच्या किती खेपा झाल्या ते सांगता येणार नाही. जाताना पोखर्णीच्या नृसिंहाला थांबायचंच, असा तळमजल्यावरच्या आजींचा नियम होता. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला किल्ली अडकवलेली असायची. ती सगळ्यांना ठाऊक होती.

मे 2002 मधली गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. दुपारचे अडीच वाजलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या सुनेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळ लवकर येतंय, नांदेडला हलवा, वेळ घालवू नका. तेव्हा 108 ची अँब्युलन्स नव्हती, ती सेवा 2014 ला आली. गावातली एक अँब्युलन्स होती ती बाहेर गेलेली. काकू आमच्या दारात आल्या तेव्हा मी काही विचारलं नाही, खिळ्यावरची किल्ली काढली.

मागच्या सीटवर सून आडवी, डोकं काकूंच्या मांडीवर. पुढे मी, मधे काकूंचा मुलगा, पलीकडे आमचे हे, पायाशी पाण्यानं भरलेला मोठा थर्मास. नांदेड सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. बसमतपर्यंत व्यवस्थित आलो. बसमत सोडलं आणि थोड्याच अंतरावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. वर ऊन, दूरवर एकही वाहन नाही. मागून सुनेचा आवाज. काकूंचा मुलगा खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, कुणी थांबेल म्हणून.

हे म्हणाले, "पेट्रोल संपलेलं नाही, आवाजावरून कळतंय. पंपाला हात लावून बघ." पंपाला हात लावला तर चटका बसला. पद्मिनीचा पंप इंजिनलाच जोडलेला असतो. मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला द्यायचं हे त्याचं काम. भर उन्हात इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलचीच वाफ होते. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढता येत नाही. मग टाकी भरलेली असून इंजिन उपाशी. मिस्त्री लोक याला 'व्हेपर लॉक' म्हणतात.

यावरचा उपाय प्रत्येक परभणीकराच्या घरात असतो. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. मी पदराचा विचार केला होता, पण ह्यांनी आपलं उपरणं काढून दिलं. ते भिजवून पंपाला आणि नळीला गुंडाळलं, थोड्या वेळानं पुन्हा भिजवलं, पुन्हा गुंडाळलं. प्यायचं पाणी सगळं त्यात गेलं. दहा मिनिटं असतील, मला ती एका परीक्षेच्या तीन तासांएवढी वाटली. किल्ली फिरवली, एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. त्याच ओल्या उपरण्यानिशी आम्ही नांदेड गाठलं. संध्याकाळी सव्वासहाला मुलगी झाली. वजन दीड किलोही नव्हतं. महिनाभर काचेच्या पेटीत होती. ती आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे, पुण्याहून आली आहे, आणि मी हे सांगणार हे कळल्यापासून मला नको नको अशा खुणा करते आहे. बस बाळा, नाव नाही घेत.

गाडीचं कौतुक करताना मी तिला देव करत नाही. स्टिअरिंग जड होतं, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, पावसात भिजले की जपून चालावं लागायचं. लिटरला 11-12 किलोमीटर. आजच्या सुरक्षिततेच्या नियमांत ती बसणारच नाही. आपल्या सोसायटीत दुसरी गाडी आली ती मारुती 800, आणि तीही फार हुशार गाडी. इंजिन आडवं बसवलेलं, जोर पुढच्याच चाकांना, त्यामुळे मधून मागे जाणारा दांडा नाही आणि पायाखालचा उंचवटाही नाही. एवढ्याशा गाडीत चार माणसं ऐसपैस. 1983 च्या डिसेंबरात ती आली आणि देशातल्या मध्यमवर्गाला गाडीत बसवलं. मी स्वतः नंतर तीच घेतली. हे मारुतीत बसले की म्हणायचे, "गाडी उत्तम आहे, फक्त तू लांब बसतेस."

पद्मिनीचं उत्पादन थांबल्यावर सुटे भाग मिळेनासे झाले. चाचा हैदराबादेहून, औरंगाबादेहून जुने भाग मागवायचे. 2001 ला पासिंग झालं, 2006 ला झालं, 2011 ला तिसऱ्यांदा वेळ आली तेव्हा तळ गंजला होता आणि खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. भंगारवाला आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि लोखंडाच्या भावानं किंमत सांगितली. किलोवर.

ह्यांना तोवर अजिबात दिसत नव्हतं. म्हणाले, मला खाली घेऊन चल. पार्किंगमध्ये नेलं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि हातानं एकेक भाग चाचपत नावं घेतली. हा पंप. हा कार्ब्युरेटर. ही पट्टा सैल झालीय बघ. आपली चार-पाच पोरं बघत उभी होती, त्यातल्या एकानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला न बघता कसं कळतं?" हे म्हणाले, "बनवणाऱ्यानं हाताला सापडेल असं ठेवलंय, म्हणून." त्या पोराला मग तासभर त्यांनी सोडलं नाही.

त्या रात्री आमचं ठरलं. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि जिल्ह्यातल्याच एका आयटीआयला ती गाडी शिकाऊ मुलांसाठी देऊन टाकली. पैसे घेतले नाहीत. तिथले निदेशक म्हणाले, "नव्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की मुलांना प्लास्टिकचं झाकण दिसतं. शिकवायला हीच बरी." एक-दोनदा मी बघून आले. चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवली होती, दारं नव्हती, इंजिन कापून आतला भाग उघडा केला होता. वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण निळ्या कपड्यातली आठ-दहा पोरं तिच्यावर वाकलेली होती आणि एक जण दुसऱ्याला पंप कसा चालतो ते सांगत होता, बरोबर सांगत होता.

आमचे हे जाऊन आता दहा वर्षं होतील. आणि मीही आता रात्री गाडी चालवत नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर माइक घेतला. आज आपल्या पार्किंगमध्ये 19 गाड्या आहेत. कुणाची कुणाच्या पुढे उभी राहते यावर गेल्या सभेत दीड तास गेला. भांडा, माझी हरकत नाही, सोसायटी आहे. पण मी मोजलंय. आपल्या 16 घरांपैकी 7 घरांत फक्त म्हातारी माणसं राहतात. मुलं पुण्यात, हैदराबादेत, कुणी परदेशात. त्यातल्या पाच घरांसमोर गाडी आहे, पण रात्री चालवणारं कुणी नाही. गाडी पांघरूण घालून उभी आणि किल्ली कुठे, ते फक्त बंगळुरूच्या मुलाला माहीत. 108 ला फोन करायचाच, ती सेवा चांगली आहे. पण ती येईपर्यंत, किंवा ती दुसरीकडे गेलेली असेल तेव्हा, दोन वाजता जिन्यात उभं राहून कुणाचं दार वाजवायचं?

म्हणून माझी सूचना आहे, आणि सचिवांनी ती पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावी अशी विनंती आहे. जिन्याखालच्या फलकावर एक कागद लावू. रात्री-अपरात्री गाडी चालवायला कोण तयार आहे, त्यांची नावं आणि घर नंबर. ज्यांच्याकडे गाडी आहे पण चालवणारं कुणी नाही, त्यांनी किल्ली कुठल्या शेजाऱ्याकडे ठेवली आहे ते. इन्शुरन्स चालू आहे का, टायरमध्ये हवा आहे का, हे महिन्यातून एकदा तरुण मंडळींनी बघावं. एवढंच. याला निधी लागत नाही, ठराव लागतो आणि एक कागद.

पहिलं नाव मी देते. गाडी चालवायला नाही, ते आता जमणार नाही. माझ्या मारुतीची किल्ली आजपासून स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्यावर आहे. पेट्रोल भरलेलं असतं. ज्याला लागेल त्यानं न्यावी, दार वाजवलं तरी पुरे.

बराच वेळ घेतला. जेवणं थांबली आहेत.